'टर्न इट ऑफ', पण 'लुक ॲट इट': तो छोटा शब्द कुणाचा?

तुमची अडचण मला कळली तशी आधी मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच दिसेल. तुमचं इंग्रजी वाचन भरपूर आहे, लिहितानाही फारसं अडत नाही. पण बोलताना एकदा 'प्लीज टर्न ऑफ इट' असं निघून गेलं आणि समोरच्याने हळूच 'टर्न इट ऑफ' असं सुधारलं. तुम्ही ते मनाशी पक्कं केलं. दुसऱ्याच दिवशी त्याच धर्तीवर 'आय विल लुक इट इंटू' म्हणालात, आणि आता तेही चूक निघालं! म्हणून तुम्ही विचारताय की इट, हिम, देम ही सर्वनामं मध्ये कधी घालायची आणि शेवटी कधी, याला काही नियम आहे का, की शेकडो फ्रेझल व्हर्ब्स (क्रियापद आणि छोटा शब्द मिळून झालेल्या अशा जोड्या) पाठच करायची? जाता जाता 'कोप अप विथ इट' बरोबर आहे का, हेही विचारलंय. ते शेवटी घेते.

मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, बरीच वर्षं. तुमची दुसऱ्या दिवशीची चूक मला पहिलीपेक्षा जास्त आवडली, कारण त्यात तुम्ही नियम शोधत होता. फक्त तो चुकीच्या जागी शोधला. सर्वनाम कुठे ठेवायचं हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न असा की क्रियापदानंतर येणारा तो छोटा शब्द, ऑफ, ॲट, अप, इंटू, हा नक्की कुणाचा? क्रियापदाचा की पुढच्या नामाचा? हे कळलं की सर्वनामाची जागा बहुतेक वेळा आपोआप ठरते.

आपल्याला हे अवघड जातं त्याचं कारण मराठीत आहे. मराठीत असा शब्द कुणाचा याबद्दल शंकाच नसते. 'घरात', 'दिव्याकडे', 'त्याच्याशी', 'तुझ्याबद्दल'. प्रत्यय असो की शब्दयोगी अव्यय, ते नामाला चिकटतं, आणि इतकं घट्ट चिकटतं की नामाला आपलं रूप बदलावं लागतं. दिवा-चा 'दिव्या' होतो, तो-चा 'त्याच्या' होतो. सामान्यरूप म्हणून शाळेत शिकलो ते हेच. त्यामुळे आपल्या कानाला लहानपणापासून सवय की असा शब्द दिसला म्हणजे तो नामाचा. मग 'टर्न ऑफ इट' आपल्याला अगदी नैसर्गिक वाटतं, 'ऑफ' आणि 'इट' यांचं एक कुटुंब आहे असं धरून आपण चालतो.

इंग्रजीत हे अर्धंच खरं आहे. 'लुक ॲट द लाइट' मध्ये 'ॲट' दिव्याचा आहे, 'दिव्याकडे' मधल्या 'कडे'सारखा. पण 'टर्न ऑफ द लाइट' मध्ये 'ऑफ'चा दिव्याशी काही संबंध नाही. दिव्यापासून कुणी वळत नाही. 'ऑफ' इथे क्रियेचा शेवट सांगतो, कळ फिरवली आणि दिवा बंद झाला, त्यातला 'बंद'. म्हणजे तो क्रियापदाचा भाऊ आहे, नामाचा नव्हे. आणि क्रियापद व त्याचा भाऊ यांच्यामध्ये कर्म बसू शकतं: 'टर्न द लाइट ऑफ'. नाम असेल तर दोन्ही चालतं, 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ'. सर्वनाम असेल तर मात्र मध्येच: 'टर्न इट ऑफ'. उलट छोटा शब्द नामाचा असेल तर क्रियापद आणि तो यांच्यामध्ये सर्वनाम घालता येत नाही. म्हणून 'लुक ॲट इट', 'लुक इंटू इट', 'वेट फॉर हिम', आणि 'लुक इट इंटू' कधीच नाही.

एके काळी मी वर्गात सांगायचे की वाक्य मराठीत करून बघा. छोट्या शब्दाचं 'कडे', 'शी', 'वर', 'साठी' झालं तर तो नामाचा, आणि तो क्रियापदात विरघळला तर क्रियापदाचा. 'लिसन टू हर' होतं 'तिच्याकडे लक्ष दे', 'पुट इट ऑन' होतं 'घाल'. छान वाटायचं. मग एका विद्यार्थिनीने विचारलं, 'लुक आफ्टर'चं काय? मराठीत 'सांभाळणे', म्हणजे 'आफ्टर' पूर्ण विरघळला, तरी 'लुक हिम आफ्टर' का नाही? मला उत्तर देता आलं नाही. अर्थ विरघळणं आणि व्याकरणात कुणाच्या घरी राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या दिवशी मला नीट उमगलं. तेव्हापासून ती युक्ती मी पहिली पायरी म्हणून सांगते, कसोटी म्हणून नाही.

त्याऐवजी मी आता छोट्या शब्दांचेच तीन ढीग करायला लावते. क्रियापदं हजारो आहेत, हे शब्द वीस-पंचवीस. पहिल्या ढिगात ॲट, फॉर, फ्रॉम, ऑव्ह, विथ, इंटू, आफ्टर, अगेन्स्ट, टू. हे व्यवहारात कायम नामाचे. यांच्यापुढे सर्वनाम येणार, मध्ये नाही: 'आस्क फॉर इट', 'डील विथ देम', 'रन इंटू हिम', 'लुक आफ्टर हर'. तुमचं 'लुक इंटू इट' इथलं. दुसऱ्या ढिगात अवे, बॅक, टुगेदर, अपार्ट, असाइड, आणि बहुतेक वेळा आउट. हे कायम क्रियापदाचे. सर्वनाम मध्ये: 'थ्रो इट अवे', 'गिव्ह इट बॅक', 'पुट देम टुगेदर', 'वर्क इट आउट'. या दोन ढिगांसाठी काहीही पाठ करायची गरज नाही, छोटा शब्द दिसला की जागा ठरली.

खरी गंमत तिसऱ्या ढिगात आहे. अप, डाउन, ऑन, ऑफ, इन, ओव्हर, थ्रू, बाय, अराउंड, अबाउट. हे दोन्ही घरी राहतात, आणि कधी कधी एकाच क्रियापदाबरोबर दोन्ही घरी. व्याकरणाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं येणारी जोडी अशी: 'ही रॅन अप द हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल'. डोळ्यांना दोन्ही सारखी. पण टेकडीच्या वाक्यात 'अप' टेकडीचा, तो टेकडीवर धावत गेला, म्हणून 'ही रॅन अप इट'. बिलाच्या वाक्यात 'अप' क्रियापदाचा, त्याने बिल वाढवत नेलं, म्हणून 'ही रॅन इट अप'. सर्वनाम घातल्याबरोबर दोन वाक्यांचे सांगाडे वेगळे होतात. मी सर्वनामाला घाबरू नका म्हणते ते यासाठी. नाम वापरलं की दोन्ही रचना एकसारख्या दिसतात, 'इट' घातलं की खरं रूप उघडं पडतं.

अशा जोड्या आणखी आहेत आणि त्या अर्थासकट लक्षात राहतात. 'आय कॅन सी थ्रू हिम' म्हणजे त्याचं सोंग मला कळतं, माझी नजर त्याच्या आरपार जाते. 'आय विल सी इट थ्रू' म्हणजे हाती घेतलेलं काम तडीस नेईन. 'गेट ओव्हर इट' म्हणजे झालं ते मागे टाक, त्यातून सावर. 'गेट इट ओव्हर विथ' म्हणजे नकोसं काम एकदाचं उरकून टाक. 'द डॉग टर्न्ड ऑन हिम' म्हणजे कुत्रा त्याच्यावरच उलटला. 'टर्न इट ऑन' म्हणजे सुरू कर. पहिल्या प्रकारात छोट्या शब्दाला जागेचा किंवा दिशेचा अर्थ धूसर का होईना उरलेला असतो (आरपार, पलीकडे, त्याच्यावर) आणि ती जागा कर्माची असते. दुसऱ्या प्रकारात छोटा शब्द काम कुठे पोचलं ते सांगतो.

इथे कबूल केलं पाहिजे की काही ठिकाणी वापर डळमळीत आहे. गाडीने कुणाला चिरडलं तर 'द कार रॅन हिम ओव्हर' आणि 'द कार रॅन ओव्हर हिम' दोन्ही ऐकू येतात, आणि दोन्ही बोलणारे इंग्रजीच्या घरचेच असतात. 'पास हिम बाय' आणि 'पास बाय हिम' दोन्ही आहेत, पण संधी हातची निघून गेली म्हणायचं असेल तर पहिलंच. काही वाक्प्रचारांत जागा गोठलेली असते. 'शी क्राइड हर आइज आउट' मध्ये नाम असूनही ते मध्येच बसतं, शेवटी नेता येत नाही. अशा वेळी नियमाशी भांडू नये, वाक्प्रचार जसा आहे तसा घ्यावा.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार: नामाला दोन्ही जागा मोकळ्या, मग सर्वनामालाच मध्ये का कोंडायचं? याचं उत्तर वाक्याच्या लयीत आहे. इंग्रजी वाक्यात नवी, महत्त्वाची गोष्ट शेवटाकडे ठेवतात आणि जोर तिथे पडतो. मराठीत ती जागा साधारण क्रियापदाच्या लगेच आधी असते. 'दिवा मी बंद केला' म्हटलं की जोर 'मी'वर, दुसऱ्या कुणी नव्हे. 'मी दिवा बंद केला' म्हटलं की गोष्ट दिव्याची. जागा बदलली की जोर बदलतो, हे आपण न शिकता करतो. इंग्रजीतलं 'इट' ही आधीच माहीत असलेली गोष्ट, ती काय आहे हे दोघांनाही ठाऊक. तिला वाक्याची मानाची जागा द्यायची म्हणजे पाटावर रिकामं ताट मांडल्यासारखं. म्हणून 'इट' मध्ये सरकतं आणि शेवटचा जोर 'ऑफ'ला मिळतो. उलट कर्म लांबलचक आणि नवं असेल तर तेच शेवटी हवं: 'टर्न ऑफ ऑल द लाइट्स यू आर नॉट युजिंग'. इथे 'ऑफ' शेवटपर्यंत लांबवला तर ऐकणारा मध्येच दमतो. सर्वनामावर मुद्दाम जोर द्यायचा असेल, 'तिला निवड, त्याला नको' असं, तर क्वचित 'पिक आउट हर, नॉट हिम' ऐकू येतं. पण तो जोर आवाजात यावा लागतो. कागदावर ते चूकच दिसेल, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नका.

मग 'लुक ॲट इट' मध्ये 'इट' शेवटी कसं? तिथे 'इट' शेवटी असलं तरी जोर त्याच्यावर नसतो, 'लुक'वर असतो. 'ॲट इट' दोन्ही मिळून खालच्या पट्टीत पटकन संपतं. 'टर्न इट ऑफ' मध्ये 'ऑफ' ठळक ऐकू येतो. मराठीत अशा आघाताने शब्दाचा अर्थ फारसा बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्ष देत नाही. आता मुद्दाम द्या. छोटा शब्द ठळक ऐकू आला तर तो बहुधा क्रियापदाचा, गिळला गेला तर नामाचा. 'बहुधा' म्हणते, कारण सर्वनामाआधी आफ्टर, ओव्हर, थ्रू हे शब्द नामाचे असूनही जोरात उच्चारले जातात. ॲट, टू, फॉर, फ्रॉम यांच्या बाबतीत ही खूण चांगली चालते. आणखी एक: सहज बोलण्यात हिम, हर, देम यांचा पहिला आवाज गळतो. 'वेक हिम अप' हे 'वेकिमप' असं एका दमात येतं. पुष्कळ जण म्हणतात की सर्वनाम आम्हाला ऐकूच आलं नाही. ते असतं, क्रियापद आणि छोटा शब्द यांच्यात चेपलेलं असतं.

थोडं विषयांतर करते, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. आपल्याला ही रचना परकी वाटते, ती तितकी परकी नाही. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. धातू एकच, 'हृ', आणि उपसर्ग त्याचा अर्थ ओढून कुठल्या कुठे नेतो, असं सांगणारा संस्कृत श्लोक शाळेत कुणी ना कुणी ऐकलेला असतो. इंग्रजीतले अप, आउट, ऑफ हेच काम करतात, फक्त क्रियापदाच्या मागून. शिवाय वेदांच्या भाषेत उपसर्ग धातूपासून सुटा, मध्ये दुसरे शब्द घालूनही येत असे. पाणिनीने त्याची वेगळी नोंद केली आहे, की छंदात, म्हणजे वेदात, उपसर्ग धातूनंतरही येतात आणि अंतर ठेवूनही येतात. 'टर्न इट ऑफ' म्हणजे जवळजवळ तेच. नंतरच्या संस्कृतात उपसर्ग पुढे चिकटून बसला. इंग्रजीत दोन्ही थर शेजारी शेजारी उरलेत: 'ओव्हरलुक' म्हणजे नजरेतून सुटणं, 'लुक इट ओव्हर' म्हणजे नजर फिरवून तपासणं. 'विथस्टँड' मधला 'विथ' तर जुन्या इंग्रजीतला आहे, तेव्हा त्याचा अर्थ 'विरुद्ध' असा होता. 'फाइट विथ हिम' म्हणजे त्याच्या बाजूने की त्याच्याशी, हा घोळ तिथून आला.

आणि त्रास फक्त आपल्यालाच होतो असंही नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ मध्ये आपला इंग्रजी कोश छापला, त्याच्या प्रस्तावनेत त्याने लिहून ठेवलंय की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची पद्धत परकीयांना सगळ्यात जास्त अडवते. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र त्या मानाने अलीकडचं, लोगन पिअर्सॉल स्मिथच्या १९२५ मधल्या पुस्तकापासून ते रुळलं.

'अप'बद्दल एक जोड देते, माझ्या विद्यार्थ्यांना ती फार उपयोगी पडली. 'अप'चा अर्थ दर वेळी 'वर' असा शोधत बसू नका. ड्रिंक इट अप, यूज इट अप, टेअर इट अप, फिनिश इट अप यांतला 'अप' म्हणजे आपलं 'टाकणे'. पिऊन टाक, वापरून टाक, फाडून टाक, संपवून टाक. 'टाकणे'चा मूळ अर्थ जसा इथे उरत नाही, क्रिया पूर्ण झाली एवढंच तो सांगतो, तसंच 'अप'चं. दर वेळी जुळेल असं नाही. 'ब्रिंग अप', 'लुक अप' यांना ही किल्ली लागत नाही. पण हा 'अप' क्रियापदाचा आहे हे एकदा जाणवलं की 'ड्रिंक अप इट' तोंडातून निघत नाही.

आता तुमच्या प्रश्नाला लागूनच असलेली, आणि माझ्या मते जास्त नडणारी चूक: जिथे छोटा शब्द नकोच तिथे तो घालणं. 'लेट अस डिस्कस अबाउट इट', 'दे अटॅक्ड ऑन हिम', 'आय रिक्वेस्टेड टू हर', 'प्लीज कॉन्टॅक्ट विथ मी'. चारही चूक. डिस्कस इट, अटॅक्ड हिम, रिक्वेस्टेड हर (खरं तर 'आस्क्ड हर' जास्त सहज), कॉन्टॅक्ट मी. आपण दर वेळी 'मराठीतून भाषांतर करता म्हणून चुकता' असं ऐकतो, पण भाषांतरातलं नेमकं काय नडतं हे कुणी सांगत नाही. बघा: मराठीत या क्रिया आपण 'नाम + करणे' अशा बोलतो. चर्चा करणे, हल्ला करणे, विनंती करणे, संपर्क करणे. म्हणजे आपल्या डोक्यात तिथे नाम असतं, आणि नामाला बद्दल, वर, शी लागतंच. इंग्रजीतही नाम घेतलं तर लागतं! 'अ डिस्कशन अबाउट इट', 'ॲन अटॅक ऑन हिम', 'अ रिक्वेस्ट टू हर', 'इन कॉन्टॅक्ट विथ मी', सगळं बरोबर. म्हणजे आपलं 'अबाउट' चुकीचं नसतं, ते चुकीच्या शब्दाला लागलेलं असतं. म्हणून अशा जागी स्वतःला विचारा, मी आत्ता 'चर्चा' म्हणतोय की 'चर्चणे'? इंग्रजी क्रियापद म्हणजे 'चर्चणे', एका शब्दाचं, आणि ते आपलं कर्म थेट घेतं. रोजच्या मराठीत असं क्रियापद आपण सहसा वापरत नाही म्हणून गोंधळ.

याच्या उलट जिथे हवा तिथे गाळण्याचं उदाहरण 'लिसन मी' आणि 'वेट हिम'. 'माझं ऐक', 'त्याची वाट पाहा' यांत शब्दयोगी अव्यय नाही, म्हणून इंग्रजीतही राहून जातं. आणि प्रत्यय बदलतो तिथे वेगळीच फसगत. 'माझ्यावर हसतो' म्हणून 'लाफ्स ऑन मी', 'तिच्याशी लग्न केलं' म्हणून 'मॅरिड विथ हर'. हवं ते 'लाफ्स ॲट मी' आणि 'मॅरिड हर'. याला तर्क नाही, कान तयार करणं एवढंच.

'ला' या प्रत्ययाबद्दल मात्र थोडा तर्क आहे. 'त्याला सांग', 'त्याला विचार', 'मला समजाव', तिन्हीकडे 'ला'. इंग्रजीत 'टेल हिम', 'आस्क हिम', पण 'एक्सप्लेन इट टू मी'. 'टेल टू हिम' नाही आणि 'एक्सप्लेन मी' नाही. ढोबळ मानाने टेल, आस्क, गिव्ह, शो, सेंड अशी जुनी, छोटी क्रियापदं माणसाला थेट घेतात. एक्सप्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट, मेन्शन, अनाउन्स अशी लॅटिनकडून आलेली भारदस्त क्रियापदं मध्ये 'टू' मागतात. अपवाद आहेत. 'सेड हिम' नाही, 'सेड टू हिम', आणि 'से' तर अगदी जुनं व छोटं. 'ऑफर' आणि 'प्रॉमिस' भारदस्त असूनही थेट घेतात. शिवाय दोन्ही सर्वनामं एकदम आली तर 'गिव्ह मी इट' अवघडलेलं वाटतं, बहुतेक जण 'गिव्ह इट टू मी' म्हणतात. ते सुरक्षित आहे.

लिहिताना लक्षात घ्या अशी आणखी एक जागा. 'मी राहतो ते घर' या मराठी रचनेत 'त' प्रत्यय गायब होतो, आणि आपण लिहितो 'द हाउस आय लिव्ह'. हवं 'द हाउस आय लिव्ह इन'. मग 'इन' एकटा लटकतो म्हणून काही जण त्याला सोबत देतात, 'द हाउस विच आय लिव्ह इन इट'. हे तर आणखी वाईट, कारण 'विच' आलं की 'इट'ची जागा भरलेली असते. 'इन' एकटा राहू द्या. वाक्य अशा शब्दाने संपवू नये हा आग्रह इंग्रज कवी जॉन ड्रायडनने १६७२ मध्ये धरला होता, आणि तेव्हापासून शाळामास्तर तो धरत आलेत, पण बोलणारे 'हू आर यू वेटिंग फॉर?' असंच विचारत राहिले. औपचारिक लेखनात 'द हाउस इन विच आय लिव्ह' करता येतं. 'ज्या घरात मी राहतो' याची ती हुबेहूब मांडणी आहे. हे सगळं छोटा शब्द नामाचा असेल तेव्हाच बरं का. 'द लाइट ऑफ विच ही टर्न्ड' असं होऊच शकत नाही, कारण तो 'ऑफ' दिव्याचा नाही. तिसऱ्या ढिगात अडलात तर हीसुद्धा एक कसोटी.

सर्वनामाच्या रूपाबद्दल थोडक्यात: छोट्या शब्दानंतर मी, हिम, हर, देम. 'बिट्वीन यू अँड आय' शिकलेली माणसंही बोलतात, पण लिहिताना 'बिट्वीन यू अँड मी'. 'मी-साठी' न म्हणता आपण 'माझ्यासाठी' म्हणतो, तोच न्याय. आणि 'स्वतः'चा मोह आवरा. 'शी क्लोज्ड द डोअर बिहाइंड हर', 'ही टुक इट विथ हिम', इथे जागा किंवा सोबत सांगायची आहे म्हणून हरसेल्फ, हिमसेल्फ नको. 'लुक ॲट युअरसेल्फ', 'बिलीव्ह इन युअरसेल्फ' मध्ये क्रियाच स्वतःवर होते, तिथे हवंच.

सराव कसा करायचा? नवं क्रियापद भेटलं की वहीत 'टर्न ऑफ' असं लिहू नका, 'टर्न इट ऑफ' असं लिहा. 'लुक इंटू' नव्हे, 'लुक इंटू इट'. सर्वनामासकट उतरवलं की रचना शब्दाबरोबरच डोक्यात जाते, वेगळा नियम आठवावा लागत नाही. शिकणाऱ्यांसाठी केलेले इंग्रजी-इंग्रजी कोश हेच करतात. ते क्रियापद आणि छोटा शब्द यांच्यामध्ये 'समथिंग' किंवा 'समबडी' छापतात, किंवा शेवटी छापतात, आणि काही कोश दोन टोकांचा बाण देतात, म्हणजे नाम दोन्हीकडे जाऊ शकतं. बहुतेकांची नजर थेट अर्थावर जाते आणि हा मजकूर वाचायचा राहतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. पुट अप विथ इट, रन आउट ऑफ इट, लुक फॉरवर्ड टू इट, अशा तीन शब्दांच्या क्रियापदांत दोन्ही प्रकार एकावर एक रचलेले असतात. मधला शब्द क्रियापदाचा, शेवटचा नामाचा, म्हणून सर्वनाम शेवटी. (रन आउट ऑफ मधला 'ऑफ' म्हणजे खरं तर 'ऑव्ह', पहिल्या ढिगातला. टर्न ऑफचा नव्हे.) दोन कर्मं असतील तर दोन्ही जागा भरतात: 'डोन्ट टेक इट आउट ऑन हिम', त्याचा राग याच्यावर काढू नकोस. 'कोप' मात्र यांच्यातलं नाही. पुट अप विथ, कीप अप विथ, कॅच अप विथ यांच्या संगतीने त्याला 'अप' चिकटलाय, आपल्याकडे फार, कार्यालयीन पत्रांतसुद्धा. प्रमाण इंग्रजीत फक्त 'कोप विथ इट'.